लिफ्टच्या दारावरची सूचना काढा: नाशिकच्या गृहनिर्माण संस्थांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

‘घरकाम करणाऱ्या महिला, दूधवाले, पेपरवाले, इस्त्रीवाले, वॉचमन व डिलिव्हरी बॉय यांनी लिफ्टचा वापर करू नये. जिन्याने ये-जा करावी. आदेशावरून.’ ही छापील सूचना आमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या दारावर अलीकडेच चिकटवली गेली. इमारत सात मजली आहे. मी कार्यकारिणीला लेखी विचारणा केली आणि विषय सभेत घ्यावा अशी विनंती केली. ‘सगळीकडे हेच चालतं, आपण काही वेगळं केलेलं नाही,’ असं उत्तर मिळालं. मग मी इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कॉलेज रोड, नाशिकरोड इथल्या ओळखीच्या लोकांना विचारलं. बऱ्याच ठिकाणी खरंच हे चालतं. कुठे लेखी सूचना आहे, कुठे वॉचमनच्या तोंडून निरोप आहे, तर कुठे नुसत्या नजरेवर काम भागतं. म्हणून हे पत्र एकट्या आमच्या सोसायटीला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं असं उघड लिहिते आहे. आमच्या सोसायटीचं नाव इथे देत नाही. कामाला येणाऱ्या ताईंचं नावही देत नाही, कारण उद्या गेटवर त्रास झाला तर तो त्यांनाच होईल.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर असतात, मी शाळेत शिकवते. आम्ही दोघं निर्धास्तपणे घराबाहेर पडतो ते या ताईंच्या भरवशावर. त्या सासूबाईंचं अंग पुसतात, डायपर बदलतात, गिळताना ठसका लागू नये म्हणून त्यांना टेकवून बसवून चमच्या-चमच्याने भरवतात आणि दर दोन तासांनी कूस बदलतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलली नाही तर माकडहाडाशी, टाचांशी कातडी लाल होते आणि पाहता पाहता जखम पडते. ही जखम भरायला महिनोन्महिने जातात. सासूबाईंच्या अंगावर आजपर्यंत अशी एकही जखम नाही. आमच्या डॉक्टरांनी याबद्दल माझं कौतुक केलं, तेव्हा मी त्यांना ताईंकडे बोट दाखवून सांगितलं की हे यांचं काम आहे.

ताई पंचवटीतल्या फुलेनगरमध्ये राहतात. निमाणीपर्यंत चालत येतात, तिथून सिटीलिंकची बस धरतात. आमच्याकडे येण्याआधी त्यांची दोन घरची भांडी झालेली असतात. गुडघे दुखतात, चढताना जास्तच. आमचं घर सहाव्या मजल्यावर आहे.

आता त्या सूचनेतल्या बाकीच्या मंडळींबद्दल. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली आणि जनरेटरही सुरू होईना. नेमकी त्याच वेळी सासूबाईंना धाप लागली. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आलीही, पण लिफ्ट बंद. आमचे वॉचमन काका सुरगाण्याकडचे आहेत. ते आणि खाली पार्किंगमध्ये इस्त्रीचं टेबल लावणारे दादा असे दोघे धावत वर आले. लाकडी खुर्चीला चादरीने सासूबाईंना बांधलं आणि एकाने पुढून, एकाने मागून धरून सहा मजले खाली उतरवलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरपी होऊ नये म्हणून काका उलटे, एकेक पायरी चाचपत उतरत होते. सासूबाई आज आहेत त्या या दोघांमुळे. आणि या दोघांना आज लिफ्टमध्ये पाय ठेवायला बंदी आहे.

ही कृतज्ञता मी एकटीने बाळगावी आणि गप्प बसावं, असं मला काहींनी सुचवलं. ‘तुम्ही त्यांना दिवाळीला साडी द्या, पैसे द्या, सोसायटीला कशाला मध्ये आणता?’ सोसायटीला मध्ये आणते आहे, कारण लिफ्ट सोसायटीची आहे, गेट सोसायटीचं आहे आणि सूचनेवर शिक्काही सोसायटीचा आहे.

आपली सकाळ कोणाच्या हातांनी उगवते, ते जरा पाहू या. गंगापूर धरणातलं पाणी पंपाने शुद्धीकरण केंद्रात आणि तिथून जलकुंभात येतं, इथपर्यंत यंत्रं असतात. पुढे कुठल्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं, ते रस्त्यातल्या चेंबरशी उभा राहून, लांब चावीने व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस पाहतो. तो एक दिवस आला नाही की कॉलनीचे फोन खणखणू लागतात. तो रोज येतो तेव्हा मात्र त्याचा चेहराही कोणाला माहीत नसतो. दिंडोरी-मखमलाबादकडून दुधाचे कॅन घेऊन निघणाऱ्यांची मोटरसायकल आपल्या अलार्मच्या आधी सुरू झालेली असते. पेपर टाकणारी मुलं पावसाळ्यात स्वतः भिजतात आणि गठ्ठ्यावर प्लास्टिक घालतात. घंटागाडीचं तर काय सांगावं. कचराकुंडीऐवजी दारोदार फिरणारी गाडी नाशिकने राज्यातल्या कितीतरी शहरांच्या आधी स्वीकारली, आणि त्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. गाडीमागे उभं राहून आपल्या बादल्या रिकाम्या करणाऱ्या माणसाशी मात्र आपलं बोलणं ‘थांबा, थांबा, अजून एक पिशवी आहे’ याच्या पुढे जात नाही.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली, मनापासून वाजवली. त्यानंतर कितीतरी सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना गेट बंद केलं. रोगाची भीती होती, ते मी समजू शकते. पण ज्यांना आपणच येऊ नका म्हणालो, त्यांच्यापैकी अनेकींना त्या महिन्यांचा पगारही मिळाला नाही, आणि त्याबद्दल एकाही सभेत चर्चा झालेली मी ऐकली नाही. घंटागाडी त्या दिवसांतही येत होती.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली लिफ्टचीच. लिफ्टमध्ये एक पाटी असते: ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’. लिफ्टला वजन कळतं, माणसाचा धंदा कळत नाही. ‘वीजबिल आम्ही भरतो’ हा युक्तिवाद मी ऐकला आहे. पण ताई सहाव्या मजल्यावर फिरायला येत नाहीत, मी बोलावलं म्हणून येतात. पाहुणे येतात तेव्हा त्यांच्याकडून कोणी वीजबिल मागत नाही. ‘लिफ्ट खराब होते’ असंही सांगितलं जातं. फर्निचर आणि सिमेंटच्या गोण्या चढवताना आपल्या सभासदांनी लिफ्टचं काय केलं आहे, ते दुरुस्तीच्या बिलांवरून समजेल. ‘मुलं असतात, कोण कुठून येतं माहीत नाही’ हे कारण मला सर्वांत जास्त लागलं. त्याच मुलांना शाळेची बस येईपर्यंत गेटवर सांभाळणारे वॉचमन काका आहेत, आणि घरात त्यांना जेवू घालणाऱ्या याच बायका आहेत.

इथे एक गोष्ट बोलावीच लागेल. आपण नाशिककर आहोत. २ मार्च १९३० ला याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं, बायका, देवळाच्या दारांशी बसली. आत जाऊ द्या, एवढीच मागणी होती. पुढची काही वर्षं तो लढा चालला. आपण मुलांना हा इतिहास शिकवतो, मी स्वतः वर्गात शिकवते. मी कोणत्याही सोसायटीवर जातिभेदाचा आरोप करत नाही. पण कोणती कामं कोणाच्या वाट्याला आली आहेत ते आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो, आणि तरीही दारावर ‘यांनी येऊ नये’ असं छापतो. हा इतिहास असलेल्या गावात अशी पाटी लावताना कोणाचाही हात अडखळायला हवा होता.

दुसरी तक्रार स्वच्छतागृहाची. बहुतेक इमारतींच्या पार्किंगमध्ये एक शौचालय बांधलेलं असतं, नकाशात दाखवलेलं असतं. आमच्या इथे त्यात रंगाचे डबे आणि गणपतीच्या मंडपाचं सामान आहे आणि दाराला कुलूप आहे. सकाळी सातला घरातून निघालेली बाई दुपारी दोन-अडीचपर्यंत पाच घरं करते. ती लघवीला कुठे जाते, हा प्रश्न आपण कधी विचारला का? बहुतेक घरांत तिला बाथरूम घासायला लावतात, वापरू देत नाहीत. मी काही जणींशी बोलले. त्या सकाळी घरून निघताना पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हासुद्धा नाही. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, जळजळ, मुतखडा हे सगळं त्या ‘बाईच्या जातीला असतंच’ म्हणून सोसतात. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, ते या पत्रातल्या स्त्री वाचकांना सांगायला नको, पुरुष वाचकांनी घरी विचारावं. या तक्रारीवर कोणतंही उत्तर मला मान्य होणार नाही. एक नळ, एक दिवा, आतून लागणारी कडी आणि एक झाकणाची बादली यासाठी किती खर्च येतो?

तिसरी वॉचमनची. सलग बारा तासांची ड्यूटी, आठवड्याची सुट्टी नाही, दुसरा आला नाही तर तीच ड्यूटी चोवीस तासांची होते. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांत काम करणाऱ्यांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. म्हणजे खुर्चीसाठीसुद्धा कायदा करावा लागला. आमच्याकडे खुर्ची आहे, पण पाठ मोडलेली, कोणाच्या तरी घरातून टाकून दिलेली. शेजारच्या निफाडला थंडीत पारा किती उतरतो ते आपण पेपरात वाचतो आणि गरम चहा पितो. त्याच रात्री गेटवरचा माणूस पत्र्याच्या केबिनमध्ये असतो. ‘तो एजन्सीचा माणूस आहे, पगाराचं आम्हाला माहीत नाही,’ हे उत्तर सचिवांनी देऊ नये. एजन्सीला आपण महिन्याला किती देतो आणि त्यातलं त्याच्या हातात किती पडतं, हे विचारायचा अधिकार आपल्याला आहे. एजन्सीकडे परवाना आहे का, भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, पगार कोणत्या तारखेला होतो, हे कंत्राटाचं नूतनीकरण करताना पाहता येतं. आपण फक्त रक्कम कमी करून घेतो, आणि ती कमी झालेली रक्कम त्याच्याच पगारातून जाते.

कचऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. ओला-सुका वेगळा करणं आणि सॅनिटरी पॅड, डायपर नीट गुंडाळून वेगळे देणं ही घनकचरा नियमांनी २०१६ पासूनच आपल्यावर, म्हणजे घरातल्यांवर टाकलेली जबाबदारी आहे. आपण फुटलेला ग्लास आणि दाढीची ब्लेड भाजीच्या देठांत टाकतो. घंटागाडीवरचा माणूस ते हाताने वेगळं करतो. आमच्याकडे रोज डायपर निघतात, म्हणून मला हे माहीत आहे: वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून, लाल खूण करायला अर्धा मिनिट लागतो.

आता ड्रेनेज आणि टाक्या. ही तक्रार नाही, इशारा आहे. शहराच्या कडेच्या वसाहतींत अजून सेप्टिक टँक आहेत, आणि चेंबर तर सगळीकडेच तुंबतात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात उतरवणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तीस लाखांवर नेली. तरी ‘कोणीतरी माणूस पाहा, पाचशे देऊ’ असं म्हणून माणूस शोधला जातो. आतला विषारी वायू दिसत नाही. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. कंत्राटदार आणला म्हणून हे ओझं आपल्या डोक्यावरून उतरत नाही.

शेवटची तक्रार गेटवरची. पोलीस पडताळणी करा, ओळखपत्र द्या, त्याला कोणाचीच हरकत नाही. पण रोज निघताना बाईची पिशवी सगळ्यांसमोर उघडून पाहायची, घरून दिलेली शिळी पोळी कोणी दिली ते विचारायचं, हे थांबवा. सभासदांच्या गाड्यांची डिकी कोणी उघडत नाही.

कौतुक आपण करतो, असं कोणी म्हणेल. करतो. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर वॉचमनना गुलाबाचं फूल देतो, सफाईच्या ताईंना शाल देतो, फोटो काढतो. १ मे हा महाराष्ट्र दिन तसा कामगार दिनही आहे, त्या दिवशी मात्र आपल्याला सुट्टी आणि त्यांना ड्यूटी असते. त्या शालीबद्दल मला आदर आहे. देणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण माझ्या मते कौतुक मेंटेनन्सच्या हिशोबात दिसायला हवं. ताळेबंदात ‘कर्मचारी सुविधा’ असं एक खातं उघडा, त्यात दर महिन्याला प्रत्येक फ्लॅटमागे थोडी रक्कम टाका. त्यातून शौचालय, केबिन, पंखा, पिण्याचं पाणी, स्वेटर आणि रेनकोट हे सगळं निघेल. आपण लॉबीच्या संगमरवराला आणि गेटवरच्या दिव्यांना पैसे काढतोच.

सभासदांना स्वतःच्या घरातही काही करता येईल. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना मंडळात नोंदणी करता येते, पण अर्जाला काम देणाऱ्याचा दाखला लागतो, आणि तो लिहून द्यायला लोक घाबरतात. ‘उद्या काही मागणी केली तर?’ असं म्हणतात. हा दाखला म्हणजे ती आपल्याकडे काम करते एवढं कबूल करणं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी करार केला, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. देशाचं व्हायचं तेव्हा होईल. महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, आपण गावाला गेलो तरी पूर्ण पगार आणि पगाराची ठरलेली तारीख यासाठी आपल्याला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. लिफ्टवरच्या अशा सर्व सूचना काढाव्यात आणि तोंडी बंदीही मागे घ्यावी. पार्किंगमधलं शौचालय कुलूप काढून, पाणी आणि दिव्यासह, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र व्यवस्था करून खुलं करावं. जागा एकच असेल तर ती स्त्रियांना द्यावी आणि पुरुषांसाठी दुसरी बांधावी. वॉचमनच्या कंत्राटात ड्यूटीचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि बँकेतून पगार या अटी लिहाव्यात आणि एजन्सीकडून दर महिन्याला त्याचा पुरावा घ्यावा. चेंबर, सेप्टिक टँक आणि पाण्याची टाकी यांत यंत्राशिवाय, सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणालाही उतरवणार नाही, असं लेखी द्यावं. पिशव्या तपासणं बंद करावं. आणि यांच्याविषयी काहीही ठरवण्याआधी त्यांच्यापैकी दोघा-तिघांना सभेत बोलावून, खुर्ची देऊन, त्यांचं ऐकावं.

प्रत्येक संस्थेला ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. विषयपत्रिका निघण्याआधी सभासदाला लेखी विषय देता येतो. मी आमच्या संस्थेत देणार आहे तो विषय असा: ‘संस्थेच्या इमारतीत काम करणाऱ्या सर्व व्यक्तींना लिफ्ट, स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी यांचा सभासदांप्रमाणेच वापर करता येईल, यास विरोधी असलेल्या सर्व सूचना रद्द करण्यात येत आहेत, व कर्मचारी सुविधांसाठी स्वतंत्र खाते उघडण्यात येत आहे.’ कोणाला हा मसुदा आपल्या सोसायटीत मांडायचा असेल तर जसाच्या तसा उतरवून घ्या. माझ्या नावाची त्यात गरज नाही, सूचक म्हणून तुमचं नाव आणि फ्लॅट नंबर घाला आणि सचिवांकडून पोच घ्यायला विसरू नका.

आपली,
गंगापूर रोडवरची एक सभासद
नाशिक